परत केलेली ओटी

ऑडिटच्या दिवशी संडासात साबण असायचा. गुलाबी, वासाचा, नुकताच कागदातून काढलेला. शेजारी पांढराशुभ्र नॅपकिन, आणि दाराला कुलूप नाही. लालबागच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटीत तिसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्या बेचाळीस बायकांना साबणाच्या वासावरूनच कळायचं, की आज परदेशातल्या कंपनीच्या वतीनं कुणीतरी आपल्या सुखाची चौकशी करायला येणार आहे.

ललिताला त्या वासाची शिसारी बसली होती. चौदा वर्षं ती इथे होती. आधी धागे कापायला, मग चेकिंगला, आणि गेली चार वर्षं चेकिंग टेबलाची सुपरवायझर. इथे लहान मुलांचे फ्रॉक आणि शर्ट शिवले जायचे. त्यांच्या मानेवर जे लेबल लागायचं त्यावरचं नाव मजल्यावरच्या एकीलाही धड उच्चारता येत नव्हतं. ते यायची गरजही नव्हती म्हणा. लेबल सरळ लागलं की झालं.

ऑडिटचे एकदोन दिवस सोडले तर वर्षभर त्याच संडासाला कुलूप असायचं. किल्ली वॉचमनकडे आणि त्याच्या टेबलाजवळच्या खिळ्याला एक लाल प्लास्टिकचा बिल्ला. तो गळ्यात घालायचा, वहीत वेळ लिहायची, सहा मिनिटांत परत यायचं. बेचाळीस बायकांत एक बिल्ला! तो एकीच्या गळ्यात असला की बाकीच्यांनी मांड्या आवळून मशीन चालवायचं. यावर बायकांनी काढलेला उपाय असा, की पाणीच प्यायचं नाही. घरून भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच्या तशी घरी जायची. लाज वाटावी अशी ही गोष्ट, पण ज्याला वाटायला हवी होती त्याचं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

तो म्हणजे यशोधन, इथला मॅनेजर. दादरचा, शिकलेला, वय बत्तीस. आवाज कधी चढायचा नाही, शिवी तर तोंडात कधीच नाही. बायकांना ‘ताई’ म्हणायचा, ‘अहो’ म्हणायचा. जुन्या मॅनेजरच्या तोंडात आईबहिणीवरून शिव्या असायच्या, पण त्याच्याशी निदान भांडता तरी यायचं. यशोधनशी भांडायला गेलं की आपणच अडाणी ठरतो, हे ललिताला एव्हाना पाठ झालं होतं.

कालिंदीचंच घ्या. वरळी कोळीवाड्यातली सव्वीस वर्षांची पोरगी, कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर तिचा हात धरणारी दुसरी नव्हती. दोन महिने तिला लघवीला जळजळ होत होती, अंगात कसकस होती. एक दिवस ती संडासातून भिंतीला धरत बाहेर आली आणि ललिताच्या कानाशी लागून म्हणाली, “ताई, रक्त गेलं गं. पाळी नाय माझी.” म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात डॉक्टरनं तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, की संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढलाय. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं आणि लघवी दाबून ठेवायची नाही. नाहीतर एक मूत्रपिंड जाईल.

तो कागद घेऊन ललिता स्वतः केबिनमध्ये गेली. यशोधननं तो शांतपणे वाचला, घडी घालून परत दिला. “ताई, मला वाईट वाटतंय. पण एकीला सवलत दिली तर बेचाळीस जणी मागतील. तुम्हीच सांगा, लाईन कशी चालायची?”

आणि त्याच आठवड्यात कालिंदीच्या मशीनची सुई मोडली. सुई मोडली की तिचा तुकडा न् तुकडा शोधून वहीत चिकटवायचा, असा परदेशी कंपनीचा नियम. एक टोक सापडेना. तासभर मशिनी बंद. यशोधन पँटची पर्वा न करता गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फिरवत होता. बांधून ठेवलेली तीनशे फ्रॉकांची खोकी फोडली. का, तर तिकडच्या एखाद्या लेकराला टोचायला नको. ललितालाही ते पटत होतं, लेकराला टोचू नयेच. पण चार हातांवर कालिंदी ओटीपोट दाबून उभी होती आणि तिच्यासाठी या माणसाचा गुडघा इंचभर वाकला नव्हता.

या सगळ्यात तिला सर्वांत जास्त किळस कुणाची वाटायची, तर स्वतःची. कारण ऑडिटची उत्तरं बायकांकडून पाठ करून घेण्याचं काम तिचं होतं. यशोधन कागद द्यायचा. कामाचे तास आठ, जादा काम स्वखुशीनं, टॉयलेटला केव्हाही जाता येतं. ललिता जेवणाच्या सुट्टीत एकेकीला धरून बसायची. “पोपटासारखं बोलू नको गं. जरा अडखळ, जरा हस,” असं शिकवायची. ती हे काम फार चांगलं करायची. तिच्या हाताखालून गेलेली एकही बाई आजवर पकडली गेली नव्हती. या कौशल्याबद्दल यशोधननं तिला कागदोपत्री कामगार प्रतिनिधीही करून टाकलं होतं. निवडणूक झाली होती म्हणे, फक्त ती कुणी पाहिली नव्हती.

खरं बोलून पाहिलं नव्हतं असं नाही. गेल्या वर्षी दर्शना नावाच्या एकीनं ऑडिटच्या मुलाखतीत बिल्ल्याचं सांगून टाकलं. मुलाखत गुप्त असते, असं सांगतात. पण आत कोण कधी गेली आणि किती वेळ बसली, ते बाहेर वॉचमन टिपून ठेवतो. तीन आठवड्यांत दर्शनाच्या कामात एकाएकी चुका निघायला लागल्या आणि ती घरी बसली. तेव्हापासून सगळ्याजणी मूग गिळून होत्या.

म्हणून या वेळी वाट काढली ती कमलाबाईंनी. कमलाबाई म्हणजे मजल्यावरची सर्वांत जुनी बाई, मूळची मालवणकडची, लालबागेत जन्म गेलेली. बटणं लावता लावता त्या एक दिवस म्हणाल्या, “गो ललिता, ओटीत कोण हात घालता काय?”

गोष्ट अशी, की ऑडिटला बाई आली तर तिची ओटी भरायची पद्धत इथे पडली होती. यशोधनला ती फार आवडायची. खणानारळाचा फोटो निघायचा, तो परदेशी जायचा, तिकडच्यांना आपली संस्कृती दिसायची. आणि या वेळी येणाऱ्या बाईंचं नाव होतं सुचित्रा. मराठी, आपल्यातल्या. खणाच्या घडीत चिठ्ठी ठेवायची. नारळ, तांदूळ, खण घेऊन बाई घरी जातील, देवापुढे ओटी ठेवतील, खण उलगडतील आणि वाचतील. यशोधनची काय, कुणाचीही हिंमत व्हायची नाही सवाष्णीच्या ओटीत हात घालायची.

“माझो हात चालाचो नाय, मी पडलंय विधवा,” कमलाबाई म्हणाल्या. “तू भर. तुझो गणपत आसा मा अजून.”

गणपत होता. बँकेच्या एटीएमबाहेर सिक्युरिटीच्या खुर्चीत बसलेला असायचा. ललितानं त्याला काही सांगितलं नाही. परळच्या आपल्या खोलीत बसून तिनं आखीव कागदावर पत्र लिहिलं. कुलूप, बिल्ला, सहा मिनिटं, दर्शनाचं काय झालं ते, कालिंदीचा आजार, सगळं. नावांशिवाय पत्र कुणी खरं मानत नाही म्हणून खाली नावं. पहिलं तिनं स्वतःचं घातलं, कारण तिनंच घातलं नसतं तर बाकीच्यांनी का घालावं? मग दोन दिवस तो कागद फ्रॉकांच्या गठ्ठ्यातून या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि अठरा सह्या घेऊन परत आला. एकूण एकोणीस. बाकीच्यांना धीर झाला नाही. सुलभाचा नवरा कंपनीचाच टेम्पो चालवायचा, ती कशी सही करणार? तिला कुणी नावं ठेवली नाहीत.

ऑडिट झालं. सुचित्रा मॅडम चाळिशीच्या, साधा कुर्ता, कपाळावर बारीक टिकली, बोलणं गोड. एकेकीला आत बोलावून टॅब्लेटवर खुणा करत होत्या. बायका अडखळल्या, हसल्या, शिकवल्याप्रमाणे सगळं बोलल्या. कालिंदी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “इचारलं, टॉयलेटला जाता येतं ना? मी बोलले, हो मॅडम, केव्हापण.” आणि मग ओठ आवळून म्हणाली, “थुंकावंसं वाटलं गं स्वतःच्याच तोंडावर.”

“थांब अजून तासभर,” ललिता म्हणाली.

चार वाजता ओटी भरली. सुचित्रा मॅडमनी ओढणी पुढे पसरली. ललितानं हळदकुंकू लावलं, खण ठेवला, त्यावर नारळ, मग ओंजळीनं पाच वेळा तांदूळ. मॅडमनी ओटी मस्तकाला लावली, वाकून नमस्कार केला, आणि तो इतका मनापासून केला की ललिताला भरून आलं. फोटो निघाला. मागे उभ्या असलेल्या कमलाबाईंनी हसू लपवायला पदरानं तोंड पुसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मजल्यावर कुणीतरी खरं हसत होतं.

अर्ध्या तासानं केबिनमधून निरोप आला, कामगार प्रतिनिधीची सही हवी आहे.

आत यशोधन टेबलाच्या एका बाजूला, मॅडम दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये नारळ, खण, पिशवीत भरलेले तांदूळ. ललिताची नजर आधी खणाच्या घडीकडे गेली, ती अजून तशीच होती.

“ताई, राग मानू नका हं,” सुचित्रा मॅडम म्हणाल्या. “ओटी मी मनापासून घेतली. पण आमच्या संस्थेचा नियम फार कडक आहे. कारखान्यातून काही म्हणजे काही न्यायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, ऑडिटर विकला गेला. परत केल्याचा फॉर्म भरायचा असतो.”

“ओटी परत करत नाहीत, मॅडम.”

“माहितीये हो. माझी आईसुद्धा ओरडेल मला.” त्या हसल्या. “पण प्रत्येक वस्तूचा फोटो लागतो.” आणि बोलता बोलता, एखादं दुकानातलं कापड उलगडावं तसा त्यांनी खण उलगडला.

कागद टेबलावर पडला.

त्यांनी तो उचलला आणि वाचायला लागल्या. ललिता त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. डोळे एकेका ओळीवरून खाली सरकत होते. एका ठिकाणी ते थांबले, मागे गेले, पुन्हा तेच वाचलं. मग नावांपाशी आले. ही बाई सगळं वाचते आहे, हिला सगळं कळतं आहे, असं ललिताला स्वच्छ दिसत होतं. तिला वाटलं, आता ही उठेल. आता ही यशोधनकडे वळेल आणि विचारेल.

“काय आहे?” यशोधननं हात पुढे केला.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग फॉर्मवर लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता सवयीनं पुटपुटत गेल्या, “नारळ, एक. खण, एक. तांदूळ, एक पिशवी. घडी घातलेला कागद, एक.” पेन ठेवून त्यांनी तो कागद नारळाला टेकवून ठेवला. यशोधनच्या हातात दिला नाही, एवढी काळजी घेतली. “ऑडिट चार वाजता बंद झालं आहे,” त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या. “आणि भेटीबरोबर आलेलं काही मला पुरावा म्हणून घेता येत नाही. तक्रारीसाठी हेल्पलाईनचा नंबर आहे, तुमच्या भिंतीवर लावलाय.”

लावला होता. सकाळी लावला होता, संध्याकाळी काढणार होते.

यशोधनची किळस ललिताच्या अंगवळणी पडली होती. ती रोजची होती, डब्याबरोबर खाऊन पचवलेली. ही बाई मात्र निराळी निघाली. हिनं वाचलं, हिला समजलं, आणि समजून उमजून हिनं कालिंदीचं रक्त नारळाच्या आणि तांदळाच्या खाली चौथ्या ओळीत लिहून मोकळं केलं. वर स्वतःचे हात स्वच्छ!

यशोधनचा हात कागदाकडे निघाला होता. त्याच्या आधी ललिताचा पोचला. तिनं कागद मधोमध फाडला, खालचा अर्धा, नावांचा, चुरगाळून तोंडात कोंबला आणि चावायला लागली. हळद, तांदळाची पिठी, शाई यांची कडवट चव जिभेवर पसरली. घास उतरेना. ती चावत राहिली.

“ताई! अहो, हे काय!” यशोधन उभा राहिला. चार वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदा चढला होता.

ललितानं गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण गिळलं.

सुचित्रा मॅडमनी उरलेला अर्धा कागद उचलून उलटसुलट पाहिला. “यावर आता सही नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात सुटल्याचा भाव इतका उघड होता की ललिताला त्यांच्याकडे बघवेना. “निनावी कागदाची नोंद करता येत नाही.” त्यांनी चौथी ओळ खोडली, खोडल्याबद्दल छोटी सही केली, आणि फॉर्म ललितापुढे सरकवला. “इथे, साक्षीदार म्हणून.”

ललितानं पेन उचललं नाही.

मॅडमनी तिच्या डोळ्यांदेखत, दोन हातांवर ती उभी असताना, त्या रकान्यात लिहिलं, ‘कामगार प्रतिनिधी अनुपस्थित.’ बॅग खांद्याला लावली आणि निघाल्या. दाराशी त्यांनी ललिताच्या दंडाला हळूच हात लावला. ललितानं दंड झटकून टाकला.

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला तसा यशोधन पुन्हा पहिल्यासारखा झाला. उरलेला अर्धा कागद त्यानं सावकाश वाचून काढला.

“अक्षर तुमचं.”

“हो.”

“आणि बाकीच्या कोण?”

“गिळल्या.”

तो हसला. “शनिवारी मालाचा कंटेनर जायचाय, ताई. मला आत्ता कटुता नको. सोमवारी बोलू.” मग त्यानं वॉचमनला हाक मारली आणि नारळ फोडायला सांगितला. “ए ग्रेड मिळणार आपल्याला. तोंड गोड व्हायला हवं सगळ्यांचं.” स्वतः बसून त्यानं खोबऱ्याचे बारीक तुकडे केले, मोजून बेचाळीस, वर साखर भुरभुरली आणि स्टीलचं ताट ललिताच्या हातात दिलं. “तुम्हीच वाटा. तुमच्याच हातची ओटी आहे.”

हे कशासाठी, ते कळायला ललिताला फार शिकायची गरज नव्हती. ओटी कुठे आली, ते बायकांना दाखवायचं होतं. तेही तिच्या हातून. इतका साळसूद नीचपणा तिनं आजवर पाहिला नव्हता. ताट त्याच्या तोंडावर मारावं असं तिला वाटलं. पण बाहेर बायका वाट बघत होत्या, आणि त्यांना कुणीतरी सांगायला हवंच होतं.

ती बाहेर आली. कालिंदी मशीनवरून अर्धी उठली. “नेली ना मॅडमनी?”

ललिता आधी कमलाबाईंपुढे गेली. ताट पुढे धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आपल्या ओटीतलं खोबरं आहे. बाईनं पत्र वाचलं आणि ओटी परत केली. साहेबांनी फोडून प्रसाद केलाय. नावं मी त्याला मिळू दिली नाहीत.”

कमलाबाईंना पत्राचं काही वाटलंच नाही जणू. त्या एवढंच म्हणाल्या, “ओटी परत दिल्यान? बायलमाणसान?” आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

ललिता पुढे सरकली. कालिंदीनं ताटाकडे पाहिलंही नाही, ती सरळ केबिनच्या काचेकडे बघत होती. तिसरीनं मान फिरवली. चौथीनं पदर तोंडाला लावला. ललिता टेबलामागून टेबल घेत गेली, आणि प्रत्येकीपुढे तेच बोलली, “परत केलेल्या ओटीतलं आहे.” सुलभापाशी आली तेव्हा सुलभाचा हात सवयीनं पुढे आला, तुकड्याला लागलासुद्धा. मग तिनं वर पाहिलं, तुकडा ताटात सोडला आणि बोटं अ‍ॅप्रनला घासून घासून पुसली. तिची त्या कागदावर सही नव्हती. तिच्या पलीकडच्या दोघींचीही नव्हती, त्यांनीही तुकडा उचलला नाही.

ललिता ताट घेऊन केबिनमध्ये परतली. यशोधन खाली मान घालून फोनवर काहीतरी टाईप करत होता. तिनं ताट त्याच्यासमोर ठेवलं.

“फॉर्म असेल ना अजून एखादा, साहेब? लिहून घ्या. खोबरं, बेचाळीस तुकडे, परत.” आणि मग म्हणाली, “तुम्हाला नावं हवी होती. सगळ्या बाहेर बसल्यात.”

बाहेर एकही मशीन चालू नव्हतं, आणि सही केलेली कोण, न केलेली कोण, ते चेहऱ्यांवरून कळत नव्हतं. यशोधननं मान वर करून काचेतून पाहिलं. ओठ हलवत तो पहिल्या रांगेपासून मोजायला लागला आणि दुसऱ्या रांगेच्या मध्यावर थांबला.